सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचे मानांकन: पार्श्वभूमी

जुलै 2013 च्या पहिल्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजला निकाल कळला: 31 जुलै 2014 पासून मानांकन रद्द. तेव्हा तिथे सुमारे 85,000 विद्यार्थी शिकत होते. वाद वर्गातल्या शिकवण्याच्या दर्जाचा नव्हता. मग गोष्ट इतक्या टोकाला का गेली, हे कळायला अमेरिकेत मानांकनाचे वजन किती असते ते आधी पाहावे लागते.

आपल्याकडची नॅक ही विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये उभारलेली संस्था. तिची श्रेणी घसरली तर नाचक्की होते, काही योजनांचा पैसा हुकतो. पण तेवढ्याने कॉलेजला टाळे लागत नाही. अमेरिकेत मानांकन संस्था खासगी असतात, सभासद कॉलेजांच्या वर्गणीवर चालतात आणि तपासायला येणारेही इतर कॉलेजांतले प्राध्यापक-प्रशासकच असतात. एकमेकांचे काम पाहून सुधारणा सुचवायच्या, एवढाच मूळ हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला पैसा चिकटला. 1944 च्या कायद्याने घरी परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला आणि तो लाटायला नावापुरत्या शाळा उगवल्या. म्हणून 1952 मध्ये कोरियन युद्धातल्या सैनिकांसाठी कायदा करताना केंद्र सरकारने मानांकनाची चाळणी लावली. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्याने हीच चाळणी सगळ्या विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्याला लागू झाली. तेव्हापासून मानांकन गेले की केंद्राची अनुदाने आणि कर्जे बंद होतात. कॅलिफोर्नियात राज्याचा निधीही थांबतो आणि इथे मिळवलेले श्रेयांक विद्यापीठ धरेलच याचा भरवसा राहत नाही. सार्वजनिक कॉलेजसाठी ही फाशीच.

सिटी कॉलेज 1935 मध्ये, मंदीच्या काळात, शहराच्या शालेय खात्याच्या छत्राखाली सुरू झाले. 1940 मध्ये ते बाल्बोआ पार्कजवळच्या टेकडीवर स्वतःच्या इमारतीत गेले. तिचे वास्तुकार टिमोथी फ्लूगर. त्याच वर्षी दिएगो रिव्हेराने ट्रेझर आयलंडवरच्या जागतिक प्रदर्शनात रंगवलेले 74 फूट लांबीचे भित्तिचित्र पुढे याच कॉलेजच्या वाट्याला आले. 1960 च्या राज्य आराखड्याने कामे वाटून दिली: शालेय शिक्षण पुरे करणाऱ्यांतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तृतीयांशासाठी राज्य विद्यापीठे, आणि सिटी कॉलेजसारखी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी. 1970 मध्ये कॉलेजचा कारभार शालेय खात्यापासून वेगळा झाला.

सिटी कॉलेजची खरी किंमत 1990 च्या विलीनीकरणानंतर कळते. त्या वर्षी श्रेयांकांचे कॉलेज आणि वस्त्यावस्त्यांतली विनाश्रेयांक प्रौढ शिक्षण केंद्रे एक झाली. परिचारिका, स्वयंपाकी, विमानतळाजवळच्या केंद्रात विमान दुरुस्तीचे तंत्रज्ञ, दोन वर्षे शिकून विद्यापीठात जाणारी मुले हे सगळे तर होतेच. शिवाय चायनाटाउनमध्ये आणि मिशन भागात स्थलांतरितांचे इंग्रजीचे आणि नागरिकत्व परीक्षेच्या तयारीचे वर्ग होते, तेही विनाशुल्क. हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईला रात्री सातला जिथे अक्षर ओळखायला मिळते, अशी दुसरी जागा महागड्या शहरात सहज सापडत नाही. पुढच्या भांडणात याच वर्गांचे काय होणार, हा मुख्य प्रश्न होता.

पैशाची गाठ 1978 मध्ये बसली. त्या वर्षी मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 13 ने मालमत्ता कर बांधून टाकला आणि कॉलेजांचा पैसा राज्याच्या राजधानीच्या, म्हणजे सॅक्रामेंटोच्या, मर्जीवर गेला. 2008 च्या मंदीनंतर राज्याने सलग कपात केली. बहुतेक कॉलेजांनी वर्ग कापले. सिटी कॉलेजने शक्यतो कोणाला काढले नाही, शाखा चालू ठेवल्या आणि तूट राखीव निधीतून भरली. खर्चाचा सुमारे 92 टक्के भाग पगार-भत्त्यांवर जात होता. निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी पुरेशी तरतूद नव्हती, प्रशासक कमी आणि त्यातले कित्येक हंगामी, निर्णय समित्यांमध्ये अडकलेले. वर्ग वाचवण्याचा हेतू मोलाचा होता, पण राखीव निधी एकदाच खर्चता येतो.

सिटी कॉलेजला मानांकन देणारी खासगी संस्था म्हणजे एसीसीजेसी हा आयोग. त्याची पद्धत अशी: कॉलेज स्वतःचे मूल्यमापन लिहून देते, पथक काही दिवस येऊन पाहते, अहवाल देते, आणि आयोग जानेवारी किंवा जूनच्या बैठकीत मतदान करतो. कारवाईच्या पायऱ्या इशारा, परिवीक्षा, कारणे दाखवा आणि शेवटी मानांकन रद्द. सिटी कॉलेजला 2006 मध्ये मानांकन देताना आठ सूचना केल्या होत्या. मार्च 2012 च्या भेटीत त्या पुऱ्या झाल्या नसल्याचे आढळले आणि जुलैमध्ये आयोगाने पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट ‘कारणे दाखवा’ बजावले. नव्या सूचना चौदा: नियोजन, आर्थिक शिल्लक, प्रशासकांची संख्या, विद्यार्थी नेमके काय शिकले याची मोजणी, विश्वस्तांचे वर्तन. मार्च 2013 पर्यंत सुधारणांच्या अहवालासोबत कॉलेज बंद करण्याचा आराखडाही द्यायचा होता. तो मागितल्याची बातमी पसरली, की विद्यार्थी नोंदणी सोडतात. नोंदणी घटली की राज्याचा निधी घटतो, आणि ज्या आर्थिक कमकुवतपणासाठी शिक्षा झाली तोच वाढतो.

नोव्हेंबर 2012 मध्ये शहरातल्या मतदारांनी कॉलेजसाठी प्रत्येक मालमत्तेमागे वर्षाला 79 डॉलरचा कर स्वतःवर लावून घेतला. तरीही पुढच्या जुलैत मानांकन रद्दचा निर्णय आला. राज्याने निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताच्या हाती दिले.

ऑगस्ट 2013 मध्ये बाजू पालटली. केंद्रीय शिक्षण खात्याने आयोगाच्याच कारभारात त्रुटी दाखवल्या: तपासणी पथकांत प्राध्यापक फार कमी, आणि आयोगाच्या अध्यक्षांचे पती कॉलेजच्या तपासणी पथकात. त्याच महिन्यात शहराचे वकील डेनिस हरेरा यांनी दावा लावला. खुल्या प्रवेशाचा हेतू आकुंचित करू पाहणाऱ्यांची बाजू आयोगाने घेतली, असा त्यांचा आरोप होता. जानेवारी 2014 मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी मानांकन रद्द करण्याला मनाई केली. वर्षभराने त्यांनी ठरवले, की पथकाच्या निष्कर्षांत आयोगाने स्वतः भर घातली आणि तिला उत्तर देण्याची संधी कॉलेजला दिलीच नाही. मात्र त्यांनी कॉलेज निर्दोष आहे असे म्हटले नाही. इथेच या प्रकरणाचे सार आहे: त्रुटी खऱ्या होत्या आणि त्यांवरची प्रक्रिया बेकायदा होती. एक बाजू धरून दुसरी सोडणाऱ्यांना हा निकाल नीट वाचता येत नाही.

दरम्यान आयोगाने नवा नियम करून कॉलेजला दोन वर्षांची सुधारणा-मुदत दिली होती, आणि जानेवारी 2017 मध्ये सात वर्षांचे मानांकन मिळाले. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात मतदारांनी 50 लाख डॉलरवरच्या मालमत्तांच्या हस्तांतरणाचा कर वाढवला होता. त्या आधारावर 2017 च्या शरदापासून शहराच्या रहिवाशांचे शुल्क माफ झाले.

नोंदणी मात्र 2012 च्या पातळीवर परत आली नाही, आणि राज्याचा निधी बराचसा तिच्यावरच अवलंबून. 2022 मध्ये पूर्णवेळ शिक्षकांना काढावे लागले. मुदत संपून पुढच्या फेरीची तपासणी झाली आणि जानेवारी 2024 मध्ये आयोगाने पुन्हा पहिल्या पायरीचा इशारा दिला. मुद्दे होते कॉलेजची आर्थिक स्थिती आणि विश्वस्त मंडळाचा कारभार.