माळरानावरची प्रार्थना : अमेरिकी ख्रिस्ती कादंबरीची पार्श्वभूमी

1979 मध्ये कॅनडाच्या लेखिका जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी आली आणि पश्चिमेकडील नव्या वसाहतींवरच्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. तिची नायिका गरोदरपणी विधवा होते आणि केवळ आसऱ्यासाठी एका लहान मुलीच्या विधुर बापाशी लग्न करते. हा प्रसंग रचलेला वाटतो, पण तशा अडचणीत सापडलेली कुटुंबे तेथे खरोखरच होती.

20 मे 1862 रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि नाममात्र शुल्क भरून पाच वर्षे जमीन कसणाऱ्या कुटुंबप्रमुखाला, मग ती विधवा का असेना, 160 एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. झाडे नसलेल्या माळावर लोक गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीचे ठोकळे कापून घरे रचत. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक घोड्यावरून फेरीला येई, तोही काही आठवड्यांनी. मधल्या काळात मूल दगावले, तर बापालाच खड्डा खणून बायबलमधला उतारा वाचावा लागे. या कादंबऱ्यांतली श्रद्धा चर्चपेक्षा जेवणाच्या टेबलाशी अधिक वावरते, आणि म्हणूनच ती मला खरी वाटते.

1873 पासून मिनेसोटा राज्यावर वर्षामागून वर्ष टोळधाड आली. गव्हर्नर जॉन पिल्सबरी यांनी 26 एप्रिल 1877 हा प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. त्याच उन्हाळ्यात टोळ निघून गेले; कोल्ड स्प्रिंगजवळच्या कॅथलिक शेतकऱ्यांनी त्या वर्षी मरीयेच्या नावाने बांधलेले चॅपल आजही टोळांच्याच नावाने ओळखले जाते.

मात्र ही जमीन मोकळी नव्हती, आणि कादंबऱ्यांनी बहुधा टाळलेली बाजू हीच आहे. 1813 मध्ये अमेरिकन बोर्ड या ज्या प्रोटेस्टंट मिशन संस्थेचे मिशनरी मुंबईत आले, तिचेच मिशनरी 1830 च्या दशकापासून मिनेसोटातील डकोटा या मूळ रहिवासी लोकांमध्ये काम करत होते. होमस्टेड कायद्याच्याच वर्षी तेथे डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यात युद्ध पेटले आणि 26 डिसेंबर 1862 रोजी मॅन्काटो येथे 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. उरलेल्या कैद्यांपैकी अनेकांनी तुरुंगातच बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांना आयोवात हलवले गेले, तर बायका-मुलांची रवानगी दूर क्रो क्रीक या राखीव प्रदेशात झाली, जिथे उपासमारीने आणि रोगराईने अनेकजण मेले. कैदेत लिहायला शिकलेल्या डकोटा पुरुषांनी आपल्या भाषेत लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत देवाचे नाव येते आणि घरच्या माणसांची चौकशीही येते.