बीचला पाच स्टार, मागच्या वाळूच्या टेकडीला शून्य

ऐरोली-नेरुळच्या माणसाला फ्लेमिंगोबद्दल काही विचारा, अर्धा तास बोलेल. हेच लोक एकेकाळी खाडीला नाक मुरडायचे, चिखल, डास, डेब्रिज टाकायची जागा वगैरे. मग कांदळवनांसाठी कोर्टाचे आदेश आले, 2015 ला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 ला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली, आणि मुख्य म्हणजे गुलाबी पक्ष्यांचे फोटो स्टेटसला पडायला लागले. चिखल तोच आहे, बघायची नजर बदलली. 2019 च्या सीआरझेड (किनारी भागातल्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या) अधिसूचनेत कांदळवन आणि किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या एकाच गटात आहेत, सगळ्यात कडक संरक्षणाच्या. पण टेकड्यांकडे फ्लेमिंगो नाही ना.

बीच तसा सगळ्यांनाच आवडतो. सुट्टीला पहाटे गाडी काढायची आणि नागाव नाहीतर केळवे, अगदीच आळस आला तर उरणचं पीरवाडी. पण आवडतो म्हणजे पाण्यालगतचा ओला पट्टा आणि फार तर सुरूचं बन, जे बरेचदा माणसानेच लावलेलं असतं. या दोघांच्या मधे जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेला वाळूचा उंचवटा असतो तो कोणाच्या खिजगणतीत नाही, पार्किंग तिथेच, टपरी तिथेच, रिकाम्या बाटल्याही तिथेच.

आता हा उंचवटा करतो काय ते बघा. ओहोटीला वाळू सुकते, वारा कणांना उड्या मारायला लावत आत ढकलतो, मर्यादवेलीत शिरला की वाऱ्याचा जोर कमी होतो आणि कण तिथेच पडतो. वेल गाडली जाते, पुन्हा वर येते, पेरांना नवी मुळं फुटतात, ढीग वाढतो. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा हीच वाळू ओढून थोड्या आत समुद्रात तिचा उंचवटा करतात, मग मोठ्या लाटा तिकडेच फुटतात आणि किनाऱ्याला बसणारा मार कमी होतो, पावसाळा सरला की शांत लाटा वाळू हळूहळू परत आणून टाकतात. आगरी-कोळ्यांच्या घरात पावसाआधी सुकं म्हावरं, मसाला भरून ठेवतात ती आगोट, तशीच ही किनाऱ्याची आगोट म्हणा. ती सपाट करून धूपप्रतिबंधक बंधारा घातला की लाट भिंतीवर आपटून फिरताना पायथ्याची वाळूच घेऊन जाते, आणि पुळण अरुंद होत जाते.

दुसरं काम तर दिसतच नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल तर खाली जवळपास 40 मीटरपर्यंत गोडं पाणी राहू शकतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही नारळी-पोफळीच्या वाडीतली विहीर गोडी असते ती यामुळे. उलट पण खरंय, टेकडी उपसली, वरून रिसॉर्टवाल्यांनी बोअर मारले, की खारं पाणी वर सरकतं.

मग याची किंमत कशी मोजायची? 1947 मध्ये हॅरल्ड होटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून एक युक्ती सुचवली, लोक किती लांबून, किती खर्च करून येतात त्यावरून त्या जागेचं मोल काढा. पेट्रोल, टोल, मोडलेला दिवस, सगळं धरायचं. युक्ती भारी आहे, पण यात माझ्यासारखा नवी मुंबईहून जाणारा मोजला जातो, तिथेच राहणारा निसटतो, त्याने प्रवासच केलेला नसतो.

ठाणे जिल्ह्याला उघडा समुद्र उरला तो उत्तनच्या बाजूला. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, पर्यटक नाकाला रुमाल लावून पुढे जातो, कोळणीसाठी मात्र ती कोरडी वाऱ्याची जागा म्हणजे धंदा. एकच किनारा, पण स्टार मागायला गेलात तर दोघांची उत्तरं जुळणारच नाहीत, आणि पाहणीचा फॉर्म बहुतेक पर्यटकाच्याच हातात जातो, त्यात स्वच्छता, टॉयलेट, पार्किंग.

त्यापेक्षा किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीवाल्या काकांना विचारावं, गेल्या उधाणाला पाणी कुठवर आलं होतं आणि विहीर कधी मचूळ लागली होती का. टेकडीचा विषय ते स्वतःच काढतील.