जीप, जीपीएस आणि ओझरची धावपट्टी

देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण, ओझरला मिग आणि सुखोईचा कारखाना, नाशिकरोडला लष्करी हेलिकॉप्टरचे वैमानिक घडवणारी शाळा. लष्कराचा शेजार नाशिककरांच्या अंगवळणी पडलेला आहे. तरी सैन्यासाठी निघालेल्या आणि घरोघरी पोचलेल्या वस्तूंची गोष्ट निघाली, की आपण इंटरनेट आणि मायक्रोवेव्हवरून सरळ अमेरिका गाठतो. सातपूरची एमआयडीसी आठवत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीसाठी, म्हणजे पुढच्या जीपसाठी, १३५ कंपन्यांना विचारलं. नमुना गाडीला मुदत ४९ दिवसांची. ती पाळली बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने. पण मोठ्या प्रमाणावर गाड्या काढणं हिला झेपणार नाही असं म्हणत सैन्याने तिचा आराखडा विलीज आणि फोर्डला दाखवला. युद्ध संपेतो त्या दोघांनी सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमला मिळाली जीपमागे जोडायच्या ट्रेलरची कामं! लष्करी ऑर्डरीत शोध लावणारा आणि पैसा कमावणारा एकच असतो, असं काही नाही.

युद्ध संपल्यावर एवढी गाडी घेणार कोण? विलीजने १९४५ मध्ये नागरी जीप काढली ती शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून: नांगर ओढेल, शेतावरची यंत्रं चालवेल, बाजारालाही नेईल. पुढे महिंद्राने विलीजच्या परवान्याने मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. कंपनीचा नाशिकचा, सातपूर एमआयडीसीतला कारखाना नंतरचा. बोलेरो आणि स्कॉर्पिओ इथल्याच. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यांवर माणसं कोंबून धावणारी काळीपिवळी जीपही याच वंशावळीतली. तिच्या मूळ आराखड्यात एवढ्या प्रवाशांची सोय नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

जीपला घरी आणलं बाजाराने. जीपीएसच्या बाबतीत सरकारला दोनदा निर्णय घ्यावा लागला.

अमेरिकी संरक्षण खात्याने हा कार्यक्रम १९७३ मध्ये हाती घेतला आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह अणुघड्याळाची वेळ सतत पाठवत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून मोबाइल अंतर काढतो, आणि निदान चार उपग्रह दिसले की जागा ठरते. घड्याळ एका सेकंदाच्या दहालक्षांश भागाने चुकलं, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केलं, की यंत्रणा पूर्ण झाली की नागरी वापरासाठी ती खुली राहील. खुली झालीही, पण मुद्दाम बिघडवून. सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात शंभरेक मीटरची चूक घातलेली असायची. एवढ्या चुकीवर रविवार कारंजाचं पार्सल पलीकडच्या गल्लीत गेलं असतं. ही भेसळ मे २०००च्या सुरुवातीला क्लिंटन यांच्या आदेशाने थांबली. आज घरपोच जेवण आणि ओला-उबर यांचा धंदा ज्या अचूकपणावर उभा आहे, त्याचं एक मूळ त्या आदेशात आहे.

मायक्रोवेव्हची घरची वाट अडवली होती आकाराने आणि किमतीने. रडारसाठीच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीवर, काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढचं कमी सांगितलं जातं: १९४७ ची पहिली भट्टी माणसाएवढी उंच आणि ३०० किलोंहून जड होती, ओट्यावर मावणारी यायला १९६७ साल उजाडलं. इंटरनेटच्या बाबतीत तर रूढ समजच चुकीचा आहे. अणुहल्ल्यात टिकावं म्हणून अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, बांधलं, असं सर्रास ऐकवलं जातं. पैसा संरक्षण खात्याचा होता हे खरं. पण १९६९ मध्ये ते सुरू करताना उद्देश होता दूरच्या महागड्या संगणकांचा सामायिक वापर.

कधी लष्कराकडून वस्तू येत नाही, जागा येते. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. त्याच्या धावपट्टीशेजारी प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये झालं. मालकी अजून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचीच, म्हणजे नाशिककर विमान पकडतो ते लढाऊ विमानं बांधणाऱ्यांच्या अंगणातून.

कारगिलनंतर दिशादर्शनासाठी दुसऱ्या देशावर विसंबणं भारताला परवडेनासं वाटू लागलं. २०१३ पासून इस्रोने स्वतःचे उपग्रह सोडायला सुरुवात केली. त्या यंत्रणेचं नाव नाविक. तिची एक सेवा सर्वांना खुली आहे. दुसरी सांकेतिक आहे, आणि ती लष्करासारख्या परवानगी असलेल्यांनाच मिळते.