अम्हारिक भाषेत ‘हळू’ कसं म्हणतात?

अरबीनंतर सर्वाधिक लोक बोलतात ती सेमिटिक भाषा म्हणजे इथिओपियाची अम्हारिक. 3 कोटींहून अधिक लोकांची ती मातृभाषा आहे. तिच्या व्याकरणात शिरलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते: निखळ क्रियाविशेषणं इथे फार थोडी. ‘तोलो’ म्हणजे लवकर, ‘अहुन’ म्हणजे आता, ‘नेगे’ म्हणजे उद्या, ‘गेना’ म्हणजे अजून. असे काही शब्द पाठ केले की यादी आटपत येते. मग एखादी गोष्ट ‘कशी’ केली, हे सांगायचं काम ही भाषा नामांकडून आणि क्रियापदांकडून करून घेते.

नामाची वाट सोपी आहे. ‘फित्नेत’ म्हणजे वेग, ‘बेफित्नेत’ म्हणजे वेगाने. ‘देस्सिता’ म्हणजे आनंद, ‘बेदेस्सिता’ म्हणजे आनंदाने. मराठीचा ‘ने’ नामाच्या शेवटी लागतो, अम्हारिकचा ‘बे’ सुरुवातीला. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि क्रियाविशेषण त्याच्या आधी, त्यामुळे मराठी माणसाला शब्दक्रमाशी झगडावं लागत नाही.

क्रियापदाची वाट मात्र थांबून पाहावी अशी. ‘तो पटकन आला’ हे ‘फेत्नो मेत्ता’ असं सांगता येतं. शब्दशः ‘त्वरा करून आला’. आपल्या ‘करून’, ‘जाऊन’सारखंच हे रूप, पण आपलं ‘करून’ कर्ता कोणीही असला तरी बदलत नाही. अम्हारिकमध्ये ते कर्त्याप्रमाणे चालतं. ती आली तर ‘फेत्ना मेत्ताच’, मी आलो तर ‘फेतिन्ये मेत्ताहु’. म्हणजे ‘पटकन’ हा शब्दच पुरुष, लिंग आणि वचन सांगतो. मराठी कानाला हे अगदीच परकं वाटू नये: ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ यात आपणही तेच करतो.

अशी काही रूपं पुढे गोठतात. ‘देग्मो’ म्हणजे मुळात ‘त्याने पुन्हा करून’. आज तो ‘शिवाय’, ‘आणखी’ या अर्थी कोणाहीबद्दल वापरला जातो. पण ‘मी पुन्हा’ म्हणायचं असेल तर ‘देग्गिम्मे’ हे चालतं-बोलतं रूप अजून आहेच. एकाच धातूचं एक रूप अव्यय झालेलं आणि दुसरं अजून क्रियापदच, हे इतक्या स्पष्टपणे क्वचित पाहायला मिळतं.

सगळ्यात सुंदर भाग ‘अले’ या क्रियापदाचा, म्हणजे ‘म्हणाला’. ‘झिम्म अले’ म्हणजे तो गप्प झाला, शब्दशः ‘झिम्म म्हणाला’. हळू जाणंही असंच: ‘केस्स बिलो हेदे’, तो ‘केस्स’ म्हणून गेला. ती गेली तर ‘केस्स बिला हेदेच’. पुरुषाला ‘जरा हळू’ सांगायचं तर ‘केस्स बेल’, बाईला ‘केस्स बेय’. मराठीत ‘धाडकन’, ‘झटकन’ यांना ‘कन’ पुरतो. अम्हारिक त्यांच्यासारख्या शब्दांना सरळ बोलायला लावते.

असे शब्द साध्या धातूंपासूनही घडतात, आणि स्वर बदलून छटा बदलते. क-फ-त ही ‘उघडणे’ची व्यंजनं. ‘केफेत्त’ केलं तर दार किलकिलं होतं, ‘किफ्फित्त’ केलं तर सताड उघडतं. व्यंजनांच्या सांगाड्यात स्वर भरून शब्द घडवण्याची ही रीत सेमिटिक, पण त्याला ‘म्हणणे’ जोडण्याची सवय शेजारच्या कुशिटिक या वेगळ्या गटातल्या भाषांतही आहे. त्यांतल्या ओरोमो भाषेत गप्प होणं म्हणजे ‘चल’ (हा ओरोमो शब्द, मराठी ‘चल’ नव्हे) म्हणणं. शतकानुशतकं एकत्र राहिलेल्या भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1976मध्ये इथिओपियाला याच अर्थाने एक ‘भाषिक क्षेत्र’ मानलं.

मला यातली एक जोडी फार मोलाची वाटते. ‘जेवावं म्हणून आलो’ हे अम्हारिकमध्ये ‘लिबेला बिय्ये मेत्ताहु’. ‘बिय्ये’ म्हणजे नेमकं ‘म्हणून’, तेही ‘मी’च्या रूपात. हेतू सांगायला ‘म्हणणे’ वापरण्याची मराठीची सवय कन्नड-तेलुगूच्या शेजारामुळे रुजली, असं अनेक अभ्यासक मानतात. अम्हारिकच्या बाबतीतही अभ्यासक कुशिटिक शेजाराकडेच बोट दाखवतात.