नालीचा हिशोब विचारायला पद लागत नाही

"ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक पाहतात, साध्या माणसाले हिशोब मांगता येत नाही." हा मेसेज आपल्या विदर्भातल्या गावागावांतल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

समज होण्यामागं कारण आहे. खात्यातून रक्कम काढायला त्या दोघांच्याच सह्या लागतात. पण सही करण्याचा अधिकार वेगळा आणि विचारण्याचा वेगळा.

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. मग तो कास्तकार असो की मजूर. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च तिथं मांडावा लागतो. पेरणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत आपणच जात नाही, ही गोष्ट वेगळी.

पडताळायचं कसं? मोबाइलवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे पंचायतींचा खर्च दाखवणारं सरकारी पोर्टल उघडा; राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीतून काय खर्च झाला ते दिसतं. सगळं मात्र तिथं सापडत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीची जमा शोधायची तर नमुना 5, म्हणजे सामान्य रोकडवही पाहावी लागेल. नालीचं बिल खटकलं तर मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची प्रत मागा आणि टेप घेऊन नालीच मोजा. लांबी-रुंदी तिथंच कळते.

तोंडी मागून मिळालं नाही, तर माहिती अधिकार कायदा, 2005. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही दहा रुपये लागत नाहीत. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.