ओसिओस लुकासच्या भिंतीवरचा उजेड

मोझॅक म्हटलं की आपल्याला जुन्या बिल्डिंगमधल्या ठिपक्यांच्या फरशा आठवतात, नाहीतर गच्चीवर कपबश्यांच्या तुकड्यांसारखं लावलेलं चायना मोझॅक, ज्याच्यावर भर उन्हात पाय भाजत नाहीत. पांढरा चकचकीत तुकडा ऊन परत फेकतो म्हणून गच्ची कमी तापते, एवढं साधं विज्ञान त्यात आहे. हाच उजेड परत फेकायचा धंदा हजार वर्षांपूर्वी कुणी किती पुढे नेला होता ते बघायचं असेल तर ग्रीसमध्ये ओसिओस लुकासच्या मठात जावं. मी गेल्या ऑक्टोबरमध्ये ताईबरोबर गेले होते आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

नाव बऱ्याच ठिकाणी 'होसिओस' असं लिहिलेलं दिसतं, पण आजचे ग्रीक लोक तो ह उच्चारत नाहीत. अथेन्सहून डेल्फीला जाताना दिस्तोमो गावाकडे आत वळायचं, हेलिकॉन डोंगराच्या उतारावर हा मठ आहे, खाली सगळी ऑलिव्हची झाडं. लुकास नावाचा एक संन्यासी इथे राहायचा, तो ९५३ मध्ये गेला, आणि त्याच्या थडग्यापाशी झोपलं की आजार बरे होतात म्हणून लोक लांबून यायला लागले. गर्दी वाढली तसं अकराव्या शतकात मोठं चर्च बांधलं, आणि त्याच्या आतल्या कमानी, कोनाडे, छत मोझॅकने भरून काढलं. अथेन्सजवळचा दाफ्नी, खिओस बेटावरचा नेआ मोनी आणि हा, असे तीन मठ १९९० मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्रच गेले.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगते, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. बाहेर ग्रीसचं डोळे दिपवणारं ऊन, आणि आत एकदम अंधार, छोट्या खिडक्या. पहिली पाच मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही, मळकट पिवळं काहीतरी वर आहे एवढंच कळतं. आमच्या पुढे एक ग्रुप आला, फोटो काढले आणि निघून गेला, मला खरंच वाईट वाटलं त्यांच्यासाठी. आपल्या डोळ्यात उजेडाच्या पेशी दोन प्रकारच्या असतात, रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात, पण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यामुळे तिथे जाल तेव्हा आधी शांतपणे एका जागी बसा. फोन खिशात ठेवा, त्याचा स्क्रीन एकदा बघितला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वीस मिनिटांनी ताई उठून चालायला लागली आणि एकदम म्हणाली, "अगं, हे हलतंय. तू इकडून बघ." मी गेले. ती चालत होती तसा सोन्यातला एक उजळ पट्टा तिच्याबरोबर सरकत होता, आणि तोच पट्टा मला माझ्या जागेवरून दुसरीकडे दिसत होता. म्हणजे आम्ही दोघी एकाच भिंतीकडे बघत होतो, पण दोघींना दिसणारं चित्र वेगळं होतं.

याचं कारण कळायला एक तुकडा हातात घेतल्यासारखा बघावा लागतो. या तुकड्याला टेसेरा म्हणतात, साधारण एक सेंटीमीटरचा काचेचा ठोकळा. सोनेरी टेसेरा म्हणजे सोन्याचा तुकडा नाही. खाली जाड काच, तिच्यावर सोन्याचा वर्ख आणि वर पुन्हा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काच, असं तिन्ही भट्टीत तापवून एकजीव करायचं आणि मग थंड झाल्यावर फोडून तुकडे पाडायचे. वर्ख मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. गंमत म्हणून हिशोब केला, जाडी अर्धा मायक्रॉन धरली तर एक चौरस मीटर भिंतीला सोनं लागतं दहा ग्रॅमच्या आत, म्हणजे आपल्या सराफाच्या भाषेत तोळाभर सुद्धा नाही! अख्खी भिंत सोन्याची वाटते आणि सोनं एका बांगडीइतकं.

वरची पातळ काच हीच खरी कारागिरी. सोनं काळं पडत नाही पण वर्ख घासून निघून जातो, मिठाईवरचा वर्ख बोटाला लागतो तसाच, म्हणून झाकण हवं. आणि वरची आणि खालची काच एकाच जातीची नसेल तर थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि झाकण तडकून उडतं. चांदीच्या वर्खाचे पण टेसेरा असत, त्यांचं झाकण गेलं तर हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, सोन्याचं तसं होत नाही.

सोनं पिवळंच का, हे पण इथे सांगायला पाहिजे कारण मला हे फार आवडतं. सोन्याचा अणू इतका जड आहे की त्याच्या केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात, तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या सरकतात आणि सोनं निळा प्रकाश गिळायला लागतं. निळा गेला की उरतो तो लाल-पिवळा. चांदीत हा परिणाम इतका मोठा नसतो म्हणून ती पांढरी. वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार मात्र हिरवट दिसतो, आणि बायझंटाईन, म्हणजे त्या काळच्या पूर्व रोमन साम्राज्यातले, कारागीर बऱ्याच ठिकाणी सोन्याच्या जागेखाली गिलाव्याला आधी लालसर किंवा पिवळट रंग द्यायचे, फटीतून पांढरा चुना दिसला तर सोन्याची ऊब जाते म्हणून.

रंगीत तुकड्यांचं रसायन वेगळं. काच म्हणजे वाळू, क्षार आणि चुना, रंग येतो त्यात घातलेल्या धातूमुळे. कोबाल्ट हजारात एखादा भाग घातला तरी गडद निळा, मॅंगनीजने जांभळा, लोखंडाने हिरवट. सगळ्यात अवघड लाल. तो तांब्यापासून होतो, पण भट्टीत हवा कमी ठेवली तरच, हवा जास्त गेली की तेच तांबं हिरवं-निळं होतं. थर्मामीटर नाही, मीटर नाही, नुसत्या आगीच्या रंगावरून आणि धुरावरून हे सांभाळणारा माणूस किती पोचलेला असेल याचा विचार करा.

मग हे तुकडे बसवायचे. भिंतीवर चुन्याचे दोन-तीन थर, शेवटच्या ओल्या थरावर रंगाने चित्र काढायचं आणि तो ओला आहे तोवर त्यात एकेक तुकडा दाबायचा, म्हणून एका वेळी जेवढं जमेल तेवढाच तुकडाभर गिलावा. आपल्याकडे किल्ल्यांवर चुन्याची घाणी दाखवतात ना, तोच चुना, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होणारा. तुकडा हाताने दाबलेला असल्यामुळे प्रत्येकाचा कोन किंचित वेगळा येतो, आणि सगळा उजेडाचा खेळ या किंचितमध्ये आहे. सपाट आरसा असता तर एकाच जागेवरून चकाकला असता आणि बाकी सगळीकडून काळा दिसला असता. पण हजारो छोटे आरसे वेगवेगळ्या कोनात असले तर तुम्ही कुठेही उभे राहा, काही तुकडे नेमके तुमच्याकडे उजेड फेकतातच, आणि पाऊल टाकलं की ते विझतात, दुसरे पेटतात. टिकल्यांची ओढणी दिव्याखाली हलवून बघा, तेच. इस्तंबूलच्या आयासोफिया या मूळच्या चर्चमध्ये तर काही ठिकाणी सोन्याचे तुकडे मुद्दाम खाली झुकवून बसवलेत, खाली उभ्या माणसाकडे उजेड यावा म्हणून. आणि तेव्हा खाली बल्ब नव्हते, तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या होत्या, ज्यांची ज्योत स्वतःच हलते, त्यामुळे माणूस स्थिर उभा असला तरी भिंत हलत असणार.

चेहऱ्यांसाठी तुकडे लहान घेतात, बऱ्याचदा काचेऐवजी दगडाचे, कारण कातडी चकाकायला नको. सावलीसाठी गालावर चक्क हिरवे तुकडे असतात. जवळून बघितलं तर विचित्र वाटतं, लांबून मात्र हिरवा आणि गुलाबी मिसळून जिवंत कातडीचा रंग होतो. आपला डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत दोन ठिपके वेगळे ओळखतो, म्हणजे पाच मिलिमीटरचा तुकडा सतरा मीटरच्या पलीकडे वेगळा दिसायचा बंद होतो. बांधणाऱ्यांना हा आकडा माहीत नव्हता पण कुठे किती बारीक काम करायचं ते त्यांना बरोबर कळत होतं.

चर्चचा मधला भाग चौकोनी आणि वर साधारण ९ मीटर व्यासाचा गोल घुमट. चौकोनावर गोल बसवायचा तर कोपरे भरावे लागतात, म्हणून चारही कोपऱ्यांत खोलगट कमानी घालून चौकोनाचा आधी अष्टकोन केलाय. या खोलगट कोनाड्यांत येशू ख्रिस्ताचा जन्म, त्याचं मंदिरातलं अर्पण आणि त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यातली दीक्षा, अशी चित्रं आहेत. आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. बाप्तिस्म्यात मधे पाण्यातला ख्रिस्त, एका बाजूला दीक्षा देणारा संत योहान, दुसऱ्या बाजूला देवदूत, पण कोनाडा वाकलेला असल्यामुळे योहान आणि देवदूत एकमेकांकडे खऱ्याखुऱ्या हवेतून बघतात, चित्रातल्या नाही. शिवाय आतून वाकलेला पृष्ठभाग उजेड गोळा करतो, त्यामुळे कोनाड्याच्या खोलगट भागातलं सोनं सगळ्यात जास्त पेटलेलं. फोटोत यातलं काहीच येत नाही.

चौथा कोनाडा रिकामा आहे, आणि वरच्या घुमटात मोझॅक नाहीच, तिथे नंतर काढलेली चित्रं आहेत. १५९३ च्या भूकंपात घुमट पडला. मठाच्या दक्षिणेला जवळच कोरिंथचं आखात आहे, तिथे जमीन चक्क ताणली जातेय, पश्चिम टोकाला तर वर्षाला एक सेंटीमीटरहून जास्त, म्हणजे दर वर्षी एका टेसेराएवढं आखात रुंद होतं म्हणा. त्या ताणातून भूकंप होत राहतात. घुमट बाजूच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असतो, तो भार नेहमीच्या दिवसात खांब पेलतात, पण जमीन आडवी हलली की खांब एकमेकांपासून सरकतात आणि घुमटाला आधार उरत नाही. दाफ्नीलाही १९९९ च्या अथेन्सच्या भूकंपात तडे गेले आणि ते दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद होतं. कॅनव्हासवरचं चित्र उचलून बाहेर नेता येतं, मोझॅक म्हणजे भिंतच, भिंत गेली की चित्र गेलं. त्यामुळे इथे चित्र जपायचं म्हणजे आधी इमारत जपायची, तड्यात चुन्याचं पातळ द्रावण सोडायचं, सुटलेला गिलावा आतून चिकटवायचा. सिमेंट वापरून चालत नाही, ते कडक असतं, त्यातले क्षार ओलीबरोबर पुढे येतात आणि तुकड्यांमागे स्फटिक होऊन त्यांना बाहेर ढकलतात.

निघायला संध्याकाळ झाली. दाराकडच्या ओसरीवजा दालनात, मुख्य चर्चमध्ये शिरायच्या दारावर ख्रिस्ताचं मोझॅक आहे, हातात उघडं पुस्तक, त्यात ग्रीकमध्ये लिहिलंय की मी जगाचा प्रकाश आहे. ही बाजू पश्चिमेची. सकाळी आत शिरताना मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, अंधारच होता. आता कललेलं ऊन उघड्या दारातून फरशीवर पडलं होतं आणि गुळगुळीत दगडावरून उसळून वर छताला लागत होतं, आणि सोनं खालून पेटलं होतं. बाहेर ढग आला की विझायचं, सरकला की पुन्हा. ताईला ग्रीक येत नाही, मला पण नाही, पण ती अक्षरं एकेक करून बोटाने हवेत गिरवत होती, राखणदार किल्ल्या घेऊन येईपर्यंत.