पाण्यावरची चकाकी पुसणारी काच

भाच्याने कॅमेरा घेतला तेव्हा त्याला काय द्यायचं, हे माझं ठरलेलंच होतं. बॅग होती, ट्रायपॉड ज्याचा त्याने निवडावा. मी दिली एक गोल, काळपट काच. दुकानात तिला सीपीएल म्हणतात, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. "मामा, ही गॉगलची काच आहे का?" त्याने विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही खडकवासल्याला गेलो. फिल्टरची रिंग त्याने हळूहळू फिरवली, तशी पाण्यावरची पांढरी चकाकी विरत गेली आणि काठालगतचे बुडालेले दगड दिसू लागले.

उन्हाच्या प्रकाशलहरी सगळ्या दिशांना हेलकावत येतात. पाण्यावर तिरक्या आपटून परतताना त्यांच्यात आडव्या हेलकाव्यांचाच भरणा होतो, हेच ध्रुवीकरण. पोलरायझर एकाच दिशेचे हेलकावे आत सोडतो. त्याची दिशा उभी केली की आडवी चकाकी बाहेरच अडते. पाण्याच्या लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन असेल, तर ती जवळजवळ पूर्ण जाते. काचेसाठी हा कोन ५६ अंशांच्या आसपास. म्हणून लक्ष्मी रोडवरच्या दुकानाची काच समोरून नको, तिरकी टिपावी. पितळेच्या भांड्यांची झळाळी मात्र हटत नाही, कारण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशात असं ध्रुवीकरण फारसं होत नाही.

एडिटिंगमध्ये हे जमत नाही का? चकाकीखाली दडलेला दगड फोटोत उतरलाच नसेल, तर तो आणायचा कुठून? म्हणूनच ही भेट मला इतर फिल्टरांपेक्षा मोलाची वाटते.

१८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कॅल्साइटच्या, एका वस्तूच्या दोन प्रतिमा दाखवणाऱ्या, स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचा मावळतीचा सूर्य पाहत होता. स्फटिक फिरवताना प्रतिमा उजळ-मंद होताना दिसल्या, आणि परावर्तनानेही ध्रुवीकरण होतं हे उमगलं. तो कॅल्साइट आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतही सापडतो.

पावसाळ्यात ताम्हिणीला हा फिल्टर अवश्य न्यावा. ओल्या पानांवर आभाळाची पांढुरकी झाक असते. ती गेली की खरा हिरवा रंग वर येतो. निळ्या आकाशासाठी तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे वळेल, तिथलं आकाश सर्वांत गडद होतं. सकाळी सिंहगडावरून ते उत्तर-दक्षिणेला मिळेल. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सने मात्र आकाशात एकच काळसर पट्टा उमटतो, तो फार वाईट दिसतो. शिवाय फिल्टर एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, प्रकाश खातो.

घेताना लेन्सच्या कडेवरचं, तिरकी रेघ मारलेल्या गोलाशेजारचं मिलिमीटरमधलं माप बघा: ५२, ६७, ७७. सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घेतला, तर बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी, पुरते.

पावसाने घरात अडकवलं, तर एलसीडी लॅपटॉपवर पांढरं पान उघडा. फिल्टर लेन्सवर बसतो तसाच धरून स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा. उलटा धरला तर ती काळी होतच नाही. आता मध्ये कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक धरा. साच्यात थिजताना प्लॅस्टिकमध्ये राहिलेला ताण इंद्रधनुषी पट्ट्यांनी उजळतो. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी घरातले सगळे पारदर्शक चमचे, पट्ट्या आणि डबे गोळा केले. जेवायला बसेपर्यंत डब्याचं झाकण एकही उरलं नव्हतं.